‘लई कमेंट’ म्हणायचं नाही

आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सरांसमोर ‘अ लॉट ऑफ’ म्हणायची सोय नव्हती. कुणी म्हटलं की भाकरीत खडा लागावा तसं त्यांचं तोंड व्हायचं. झाडं, माणसं, गुरंढोरं यांच्या बाबतीत ते एकवेळ चालवून घेत. पण शेरे, टीका, अभिप्राय, तक्रारी, म्हणजे माणसानं माणसाबद्दल लिहिलेलं काहीही पुष्कळ असलं, तर त्याला ‘लॉट’ म्हणणं त्यांच्या लेखी अडाणीपणा होता.

“लॉट मोंढ्यात असतो, मॅडम,” ते मला म्हणायचे. “सोयाबीनचा. शेरे काय काट्यावर घालता येत्यात व्हय?”

मी मराठीची. रोज अंबाजोगाईहून एसटीनं घाटनांदूरला जायची, आणि स्टाफरूममध्ये माझी खुर्ची नेमकी त्यांच्या शेजारी होती. त्यामुळे इंग्रजीचं माझं फुकट शिक्षण किती वर्षं चाललं याला गणती नाही. मी नुसतं “आज मुख्याध्यापकांनी मला लई बोल लावले” असं म्हटलं, की सर चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, “एकदम लावले का एकापाठी एक लावले? एकदम असतील तर व्हॉली. बंदुकीच्या फैरीसारखे. एकापाठी एक असतील तर स्ट्रिंग. माळंसारखे.” माझं दुःख राहायचं बाजूला आणि मी माळ की फैर याचा विचार करत बसायची.

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा शर्ट आणि खिशात दोन पेनं, दोन्ही लाल. निळं पेन त्यांनी कधी बाळगलं नाही. हजेरीपटावर सही करायची वेळ आली की माझं मागून घेत. घर गावातल्या मुख्य रस्त्यावर, किराणा दुकानाच्या मागे. दुकान धाकटे भाऊ बघायचे आणि सरांना गादीवर कधी बसू द्यायचे नाहीत. “अण्णा बसले तर गिऱ्हाईक शिकून जाईल, घेऊन काय जाणार न्हाई,” असं ते सगळ्यांदेखत म्हणत. सरांना त्यात अपमान वाटत नसे. उलट ते मान हलवत.

फळ्यावर दरवर्षी एकदा ते एक उतरंड काढायचे. सगळ्यात वर स्प्रिंकलिंग, म्हणजे शिडकावा. चार-दोन शेरे आले तर. त्याखाली ट्रिकल, नळाच्या शेवटच्या धारेसारखे थेंब थेंब. मग शॉवर, मग स्ट्रीम, म्हणजे ओढा, मग टोरेंट, म्हणजे लोंढा, मग फ्लड आणि सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात, डेल्यूज. जलप्रलय. हे शिकवायचे ते बहुधा मार्च महिन्यात, गावात टँकर सुरू झालेला असायचा तेव्हा. पोरं पाण्याच्या पाळीला रात्रभर जागून आलेली, डोळे मिटत असलेली, आणि हा माणूस त्यांच्यापुढे खडूनं पूर आणत असायचा.

एकदा मी बाहेरून चालले होते तेव्हा वर्गातली एक मुलगी उभी राहून विचारताना ऐकलं, “सर, हे समदं पाण्याचंच कावून हाय?”

सर खडू हातात धरून थांबले. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतःलाही विचारलं नव्हतं. मग म्हणाले, “ज्यांच्याकडं पाणी लई हाय, त्यांची भाषा हाय ही.”

ती मुलगी म्हणजे गिरजा, त्यांची एकुलती एक लेक. वर्गात ती त्यांना सर म्हणायची आणि घरी अप्पा. तो प्रश्न तिनं घरी न विचारता वर्गात विचारला, याचं सरांना फार कौतुक होतं. स्टाफरूममध्ये येऊन त्यांनी मला तो दोनदा सांगितला. तिला मात्र काही बोलले नाहीत. तिच्या वहीत शेरा लिहिला असणार, कारण कौतुक असो की रागवणं, ते लिहूनच करायचे.

वहीवरून आठवलं. सरांकडे तपासायला गेलेली वही शेऱ्याशिवाय परत आली असं कधी घडलं नाही. नुसती सही आणि तारीख टाकून वही देणं त्यांना दारात आलेल्या माणसाला पाणी न विचारता पाठवण्यासारखं वाटायचं. मठ्ठातल्या मठ्ठ पोरानं ‘माय मदर’वर तीन ओळी लिहिल्या तरी खाली सरांच्या लाल शाईतल्या सात ओळी. कुणाला क्रियापद कुठे राहिलं ते, कुणाला आईबद्दल अजून काय लिहिता आलं असतं ते. पुष्कळांना ते वाचताच यायचं नाही. एका पोराचा बाप एकदा शाळेत येऊन तक्रार करून गेला, की मास्तर, पोराची वही तुमीच भरली, आता मला दुसरी घ्यावी लागतीय. सरांनी त्यालाही लेखी उत्तर पाठवलं.

एकदा तपासणीला एक साहेब आले. शेरेबुक मागवून त्यांनी पानभर ताशेरे ओढले. पाण्याची टाकी उघडी, ग्रंथालयाला कुलूप, अमुक नोंदी नाहीत, तमुक तक्ते नाहीत. मुख्याध्यापक घामाघूम. पूर्तता अहवाल सरांनी लिहावा असं ठरलं, कारण इंग्रजीत लिहिलं की साहेबांवर छाप पडेल अशी कुणाची तरी कल्पना. सरांनी सुरुवातच केली, “आपल्या कृपावंत शेऱ्यांच्या व्हॉलीच्या संदर्भात.” मुख्याध्यापकांनी न वाचता सही ठोकली. पुढच्या आठवड्यात दोघांनाही बीडला बोलावणं आलं. साहेबांनी तासभर उभं करून झाडलं, की माझे शेरे म्हणजे तुम्हाला गोळीबार वाटतो काय.

परत आल्यावर सर उदास होते. मला वाटलं, बोलणी खाल्ली म्हणून. तर म्हणाले, “साहेब बरोबर होते, मॅडम. व्हॉली चुकलंच. त्यांनी एकाखाली एक लिवले होते, स्ट्रिंग पायजे होतं.” मुख्याध्यापक त्यानंतर कित्येक दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

हे सगळं आम्ही हसण्यावारी न्यायचो. सर निवृत्त झाले त्या दिवशीही मी भाषणात हेच किस्से सांगितले आणि सगळ्यांत जास्त तेच हसले. पुढे जे झालं त्यानंतर मला ते किस्से कुणाला सांगावेसे वाटले नाहीत. आज सांगते आहे, कारण ते त्यांचेच होते आणि ते गाळून त्यांच्याबद्दल काय सांगायचं हे मला कळत नाही.

गिरजा एम.ए., बी.एड. झाली. नोकरीसाठी दोन-तीन वर्षं खेटे घातले, नाही मिळाली. मग तिनं घराच्या गच्चीवर मोबाइल उभा करून इंग्रजी शिकवायचे व्हिडिओ करायला सुरुवात केली. तिची रीत अशी, की इंग्रजी वाक्य आधी आपल्या बोलीत सांगायचं. “मी गेलतो, म्हंजे आय हॅड गॉन. तुमी रोज बोलताव ते, भ्याचं काय हाय त्याच्यात?” उमापूर, तलवाडा, कुठकुठली पोरं ते बघायला लागली. जी इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर दडायची, ती खाली लिहायची, की ताई, पहिल्यांदा कळलं.

सरांना आधी ती बोली पटली नाही. पण त्या व्हिडिओंखाली लोक लिहितात हे कळल्यावर त्यांनी नवा फोन घेतला. त्यानंतर मला त्यांचे रोज मेसेज यायचे. आज ट्रिकल आहे. आज बरा शॉवर झाला. एकदा रविवारी त्यांनी ‘स्ट्रीम’ असं लिहून पुढे कधी नव्हे ते हसरं तोंड टाकलं. मी शाळेत सगळ्यांना दाखवलं. म्हाताऱ्याला पेन्शनीत खेळणं मिळालं, असं आम्ही म्हणायचो. गिरजाचंही बरं चाललं होतं. एका क्लासवाल्यांनी तिला शिकवायला बोलावलं होतं, बोलणं जवळपास ठरलं होतं.

आणि मग कुणीतरी तिच्या एका व्हिडिओतला छोटा तुकडा कापून, ती ‘न्हाई’ आणि ‘लई’ म्हणते तेवढाच घेऊन, त्याला गाण्याची चाल लावून टिंगलीसाठी पसरवला. तिथून लोक मूळ व्हिडिओवर आले. आधी बोलीवर लिहिलं. मग रंगावर, मग लग्न न झाल्यावर, मग जातीवर. मी त्यातलं थोडं वाचलं आणि फोन पालथा घातला. इथे लिहिण्यासारखं त्यात काही नाही.

गिरजा घाबरली, पण तिचं डोकं ठिकाणावर होतं. तिनं ठरवलं, की आपण काही बोलायचं नाही. “चार दिवस चालंल, मॅडम,” ती मला फोनवर म्हणाली. “लोकाला नवं कायतरी सापडलं की हे थंड व्हतंय. हात लावायचा न्हाई.”

सरांनी हात लावला.

त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. समोर कुणी चुकीचं लिहिलेलं आहे आणि ते आपण शेऱ्याविना तसंच सोडायचं, हे त्यांच्या हाताला माहीत नव्हतं. सकाळी पूजा झाली की ते ओसरीवर फोन घेऊन बसत आणि एकेकाला उत्तर देत. शुद्ध इंग्रजीत, प्रत्येकाला स्वतंत्र. कुणी लिहिलं, हिला आधी मराठी शिकवा. सरांनी लिहिलं, सूचनेबद्दल आभार, मात्र आपल्या वाक्यात कर्ता दिसत नाही. एकानं तिच्या दिसण्याबद्दल घाण लिहिलं. त्याला सरांनी लिहिलं, आपला शेरा विषयाला धरून नाही, कृपया पुन्हा लिहा. त्यानं हौसेनं पुन्हा लिहिलं. त्याच्या दोस्तांनीही लिहिलं.

मग त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं, बिचाऱ्यानं चांगल्या मनानं, खाली लिहिलं, की हे आमचे सर आहेत आणि ही त्यांची मुलगी. झालं. आता बाप-लेक दोघेही लोकांच्या हाती लागले. सरांच्या उत्तरांचे फोटो काढून ते वेगळे पसरले. जे चार दिवसांत विझलं असतं ते तीन आठवडे पेटत राहिलं.

त्या दिवसांत मला त्यांचा मेसेज आला, “डेल्यूज.” तेवढाच. मला राग आला. त्या शब्दात दुःख होतं, पण कुठेतरी थोडी नवलाईसुद्धा होती. जन्मभर फळ्यावर काढलेली वस्तू पहिल्यांदा डोळ्यांनी बघितल्याची. असं मला तेव्हा वाटलं, आणि ते माझं चुकलं असेल तर मला बरंच वाटेल.

गिरजानं मला बोलावून घेतलं. तिचं ऐकत नाहीत, निदान माझं ऐकतील म्हणून. मी गेले तेव्हा ती सरांच्या समोर जमिनीवर बसली होती. क्लासवाल्यांनी आता नको म्हणून कळवलं होतं. ती त्यांना समजावून सांगत होती, की तुम्ही एकाला उत्तर दिलं की तो व्हिडिओ आणखी लोकांपुढे जातो, ते यंत्र तसंच आहे, त्याला चांगलं-वाईट कळत नाही. सरांना हे समजत नव्हतं असं नाही. त्यांना पटत नव्हतं.

“एक पोरगं सुधारलंय,” ते माझ्याकडे बघून म्हणाले. “माफी मागितली त्यानं. वाक्य बी बरोबर लिवलं. उत्तर दिलं नसतं तर?”

गिरजा रडत नव्हती. तिनं त्यांच्या हातातला फोन हळूच काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

“ती वही न्हाई, अप्पा,” ती म्हणाली. “मी हाय त्याच्यात.”

सरांनी मान खाली घातली आणि आता नाही लिहिणार म्हणून सांगितलं. मला वाटतं, त्यांचा तो शब्द खरा होता. पण चार-पाच दिवसांनी त्यांनी पुन्हा लिहिलं. सुधारलेल्या त्या पोराचाच एक मित्र होता म्हणे, त्याला सांगून बघावं असं त्यांना वाटलं. ते उत्तर गिरजाच्या आधी गावाला दिसलं.

तिनं सगळे व्हिडिओ काढून टाकले, ज्यांच्याखाली पोरं “ताई, कळलं” म्हणून लिहायची तेसुद्धा. पिशवी भरली आणि पुण्याला मैत्रिणीकडे गेली. तिथे कुठल्याशा ऑफिसात लागली. आईला फोन करायची. अप्पांचा विषय निघाला की ठेवायची.

त्यानंतरचे सर मला बघवत नसत. अंगावरचं मांस उतरलं होतं. विभूती लावलेली असायची, पण खिशात पेन नसायचं. एकदा मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, त्या वेळी फार लोकांनी लिहिलं ना, सर. मी मुद्दामच तसं म्हटलं होतं, निदान ते मला दुरुस्त करतील म्हणून. त्यांनी नुसतं “हां, लई” म्हटलं आणि रस्त्याकडे बघत राहिले. मला इतकं वाईट वाटलं की चहा तसाच ठेवून मी उठले.

दिवाळीनंतर एके दुपारी वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, मला निरोप धाडला. शाळा सुटल्यावर गेले. वहिनी दारातच म्हणाल्या, “रोज फोन घिऊन बसत्यात. लिवत्यात आन् पुसत्यात.” सर ओसरीवर होते. मला बघून सरकून बसले आणि फोन माझ्यापुढे धरला.

“गिरजाला लिवायचंय,” ते म्हणाले. “मला येत न्हाई, मॅडम. इंग्रजीत लिवाया बसलो की शेराच होतो. सकाळी लिवलं, तुझ्या मौनाची नोंद घेतली आहे. असं कुणी लेकीला लिवतं का? तुमी मराठीत लिवा.”

मी फोन घेतला. काय लिहू म्हणून विचारलं. दुकानातून तराजूत धान्य ओतल्याचा आवाज येत होता. मला वाटलं आता लांबलचक काहीतरी सांगतील, आणि ते मला आखडून लिहावं लागेल.

“माझं चुकलं, गिरजा,” ते म्हणाले.

मी लिहिलं. पुढे, म्हटलं.

“पुढं काय न्हाई. पुढं गेलो की मी समजावून सांगाया लागंन. एवढंच ऱ्हाऊ द्या.”

मी पाठवून दिलं. थोड्या वेळानं त्या दोन खुणा निळ्या झाल्या, म्हणजे तिनं वाचलं होतं. आम्ही दोघं फोनकडे बघत बसलो. वहिनी दाराशी उभ्या होत्या. उत्तर आलं नाही. माझी शेवटची एसटी होती, मला निघावं लागलं. सर म्हणाले, कामात असंल, देईल. दुसऱ्या दिवशी मी फोन केला, आणि नंतरही करत राहिले. दर वेळी ते म्हणायचे, देईल. मग मी विचारायचं सोडलं.

सर माघात गेले. सकाळी अंघोळीला म्हणून उठले आणि न्हाणीच्या दारातच बसले ते बसलेच. गिरजा पुण्याहून येईपर्यंत लोक मातीसाठी थांबले होते. त्यांच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. विभूती लावून, बेलाची पानं घालून सरांना बसवलं, तेव्हा मी लांबून बघितलं आणि मला हुंदका आवरला नाही.

चार दिवसांनी मी भेटायला गेले. बायका उठून गेल्यावर गिरजा माझ्याजवळ येऊन बसली. तिचा चेहरा थेट सरांसारखा दिसत होता, हे मला आधी कधी जाणवलं नव्हतं. थोडा वेळ ती आईबद्दल बोलली, तिला पुण्याला न्यावं का म्हणून. मग म्हणाली, की मॅडम, दिवाळीनंतर मला अप्पांच्या फोनवरून एक मेसेज आला होता. तो तुम्ही लिहिला होतात ना?

मी हो म्हटलं.

“मला कळलंच व्हतं,” ती म्हणाली. “अप्पा अन् तीन शब्दांत थांबत्याल? आन् मराठीत? मला वाटलं, आईनं तुमच्याकडून लिवून घेतलं, आमचं मिटावं म्हणून. मी उत्तर दिलं न्हाई. म्हटलं, अप्पा सोता लिवतील तवा दिऊ. चांगलं लांबलचक, इंग्रजीत. माझ्या चुका काढून. मी रोज वाट बघत व्हते.”

मी तिला सांगितलं, की माझं फक्त बोट होतं. शब्द त्यांचे होते. मी पुढे काय म्हणून विचारलं तेव्हा त्यांनीच मला थांबवलं होतं.

“आईशप्पथ सांगा,” ती म्हणाली.

मी सांगितलं. मग तिनं कमरेचा फोन काढला आणि तो मेसेज उघडला. त्याच्या वर सरांचे जुने लांब लांब इंग्रजी मेसेज होते, पडदाभर, आणि सगळ्यात खाली ही एक ओळ. ती त्याच्यावर बोट ठेवून बसली.

“मंग मी उत्तर द्यायला पायजे व्हतं, मॅडम,” ती म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं. तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि फोनवर त्या ओळीखाली काहीतरी लिहायला लागली.